वना झाडावरून पडला नव्हता

साजापाणीच्या वना पावराला गेल्या चौदा महिन्यांत निदान वीस जणांनी एकच सल्ला दिला होता. कोर्टात उभं राहायचं आणि सांगायचं, साहेब, मी मोहाच्या झाडावरून पडलो. एवढं एक वाक्य बोललास की शेजारचा दिलवरसिंग जेलातून सुटेल, तू सुटशील, अख्खा पाडा सुटेल. आणि वीसही वेळा वनाने आपला वाकडा डावा हात पुढे धरून एकच उत्तर दिलं होतं, "मी पडनू नही. माले दिलवरनी मारं."

याला सरळ माणूस म्हणायचं की हट्टी, ते तुम्हीच ठरवा. त्याची बायको भिकुबाई त्याला आडमुठा म्हणायची. तीस वर्षं संसार केल्यावर तिला तेवढा अधिकार होताच.

साजापाणी म्हणजे चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला साठ-सत्तर घरांचा पाडा. पावसावरची शेती, जंगलातून येईल ते, आणि उरलेले दिवस मजुरी. वनाच्या आणि दिलवरसिंगच्या शेताच्या बांधावर मोहाचं एक थोरलं झाड आहे. एक दिवस याने फुलं वेचायची, एक दिवस त्याने, हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं. सहा वर्षांपूर्वी पाळी कोणाची यावरून दोघांत जुंपली. शिव्या झाल्या, टोपली लाथाडली गेली आणि दिलवरसिंगने हातातल्या कुऱ्हाडीचा दांडा वनाच्या मनगटावर घातला. हाड मोडलं. पातं लागलं असतं तर हातच गेला असता, हे वना स्वतःच सांगतो, आणि दिलवरने दांडा फिरवून धरला होता हेही सांगतो. रागातही त्याने पातं स्वतःकडे वळवलं, हे वनाला आजही महत्त्वाचं वाटतं.

मग दवाखाना. असला मार दिसला की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. एक पोलीस खाटेशी आला, कोणी मारलं विचारलं, वनाने नाव सांगितलं, कागद पुढे आला, अंगठा उमटला. आपण औषधाच्या कागदावर अंगठा दिला अशीच त्याची समजूत. आपण फिर्यादी झालोय हे त्याला कळायला पुढे वर्षं गेली. दिलवरसिंगला पोलिसांनी नेलं, दुसऱ्या दिवशी कोर्टाने तारखेला यायच्या अटीवर सोडलं.

तो परत आला आणि पंच बसले. म्हातारा पुनाबाबा कारभारी. दिवसभर बोलणं चाललं. दिलवरसिंगने सगळ्यांदेखत गुन्हा कबूल केला. दोन बकरे द्यायचे ठरले, आणि वनाचा हात चालेपर्यंत त्याच्या शेताची नांगरट, पेरणी, निंदणी दिलवरसिंगने करायची असं ठरलं. त्याने ती केली, बरं का. त्या पावसाळ्यात आधी वनाचं शेत पेरलं गेलं आणि मग त्याचं स्वतःचं. शेवटी दोघं एका ताटात जेवले आणि भांडण मिटलं. मिटलेलं भांडण जो पुन्हा उकरेल त्याच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही, हा पाड्याचा कायदा. तो कुठे लिहिलेला नाही, पण आजवर कोणी मोडलाही नाही.

आणि इथेच घात झाला. पंचांनी मिटवलं म्हणजे कोर्टातही मिटलं, असं सगळे धरून चालले. अगदी मनापासून. पुनाबाबाने तर बाजाराच्या दिवशी ठाण्याच्या पंडित हवालदाराला गाठून सांगितलंही, "भाऊ, साजापाणीनं मिटी गयं." हवालदार भजी खात होता. तो म्हणाला, "बरं बरं." त्या 'बरं बरं'लाच पाडा कोर्टाचा शिक्का समजला. दिलवरसिंग तारखांना गेला नाही. मिटलेल्या भांडणासाठी दिवसाची मजुरी बुडवून कोण तालुक्याला जाईल? समन्स निघाली, वॉरंट निघाली. दर हिवाळ्यात तो गुजरातेत ऊसतोडीला आणि दर पावसाळ्यात आपल्या घरी, पण कागदावर तो पाच वर्षं फरार होता. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात, ऊसतोडीला निघण्याआधी, चोपड्याच्या बाजारात मिरच्या विकत घेताना त्याला धरलं आणि जळगावच्या जेलात पाठवलं. जामिनाचा अर्ज दोनदा फेटाळला गेला. फरार माणसाला पुन्हा सोडलं तर तो येईलच कशावरून?

इकडे पाड्यात वेगळाच अर्थ निघाला. वनाने बकरे खाल्ले आणि गुपचूप केस चालू ठेवली. तोंडावर कोणी बोललं नाही, पण वनाच्या ओट्यावर येऊन लोक पाण्याचा तांब्या नको म्हणू लागले. त्याच्या धाकट्या मुलीची सोयरीक जमत आली होती, ती माणसं पुन्हा फिरकलीच नाहीत. दिलवरसिंगची आई दगडीबाई मात्र यायची. सत्तरीची बाई, आठवड्यातून एकदा यायची, समोर उकिडवी बसायची आणि म्हणायची, "तू मन्हा पोऱ्याले काढ." आणि मग तेच. झाडावरून पडलो म्हण.

वनाचं म्हणणं काय होतं, ते नीट ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. मी झाडावरून पडलो म्हटलं, तर मी दगडीबाईचे दोन बकरे कशाचे घेतले? दिलवर माझ्या शेतात चार महिने का राबला? म्हणजे मी चोर, आणि पंच मूर्ख. आज लोक मला भांडण उकरणारा म्हणतात, उद्या हक्काने लबाड म्हणतील.

दिपमाला वकील या गोष्टीत आली ती यादी घेऊन. ती जळगावच्या मेहरूणची. वडील शेतकरी, ही कोर्टात. राज्यभरातल्या काही वकिलांनी मिळून कच्च्या कैद्यांसाठी मोहीम चालवली होती, आणि जळगाव-धुळ्याचा भाग हिच्याकडे होता. जेलात एकेका माणसासमोर बसून ती विचारायची, बाबा, तू आत का आहेस? दिलवरसिंगने तिला बकऱ्यांची गोष्ट सांगितली. तिने पेन खाली ठेवला, म्हणतात. पुढच्या रविवारी ती साजापाणीत हजर.

"वनाभाऊ, हे भांडण आता तुमचं राहिलेलं नाही," तिने समजावलं. "कागदावर ते सरकार विरुद्ध दिलवरसिंग असं आहे."

"सरकारना हात कोठे मोडना?" वनाने विचारलं.

दिपमालाला हसू आवरेना, पण वना हसत नव्हता. मग तिने आपली वही उघडली. दोन जिल्ह्यांत तिला असे एकेचाळीस खटले सापडले होते. पंचांनी मिटवलेले, कोर्टात चालू. त्यातले बहुतेक एकाच तऱ्हेने संपायचे. साक्षीदार येतो, झाडावरून पडलो म्हणतो, विहिरीत घसरलो म्हणतो, बैलाने मारलं म्हणतो. सगळ्यांना ठाऊक असतं की खोटं आहे. "खोट्याला कोर्टात जागा आहे," ती म्हणाली, "आणि मारलं पण मिटलं, या खऱ्याला नाही. या कलमात तडजोडच चालत नाही. हे बदलायला मुंबईत जाऊन सांगायला हवं. पण माझ्याकडे खरं बोलणारा एक माणूस नाही."

राज्याने कच्च्या कैद्यांच्या प्रश्नावर एक समिती नेमली होती, आणि ती धुळ्याला दोन दिवस लोकांचं ऐकून घेणार होती. वनाने तिथे बोलावं अशी तिची इच्छा होती. पण तिने काही लपवलं नाही. "तिथे जे नावानिशी बोलाल ते मी दिलवरसिंगच्या जामिनाला जोडेन. तो पळाला नव्हता, मिटलं असं समजून घरी बसला होता, हे कोर्टाला दिसेल. पण त्याने मारलं, हेही त्याच कागदावर असेल. जामीन मिळेल, आणि पुढे शिक्षाही होऊ शकेल. आणि बकरे घेतले म्हणून तुमच्यावरही किटाळ येऊ शकतं. मी खोटं सांगा म्हणणार नाही, आणि खरं सांगाच असंही म्हणणार नाही."

ही बातमी ठाण्यापर्यंत कशी गेली देव जाणे. बाजारात पंडित हवालदाराने वनाला बाजूला घेतलं, अगदी गोडीत. खांद्यावर हात, चहा वगैरे. "वना, मोबदला घेऊन गुन्हा मिटवणं हाही गुन्हाच असतो रे. तो आत आहे तो आहे, तू का त्याच्या शेजारी जागा धरतोस? झाडावरून पडलो म्हण आणि घरी जा. तुझ्या भल्याचं सांगतोय." वनाने चहा अर्धा टाकला. त्या रात्री त्याने भिकुबाईला काही सांगितलं नाही, पण बैलांना वैरण घालायलाच विसरला.

चोपड्याहून धुळ्याची एसटी अमळनेरवरून जाते. वना खिडकीशी बसला होता, शेजारी दगडीबाई. ती का आली होती? पाड्याने तिला पाठवली होती, वना काय बोलतो ते ऐकायला. अमळनेर गेल्यावर ती म्हणाली, "वना, मी म्हातारी शे. तो सुटाना पहिले मरी गवू ते?" वनाने खिडकीची काच ओढली. "एक शब्द शे," ती म्हणाली. "झाड म्हण. देव तुले काय करनार नही." खरं सांगायचं तर त्या क्षणी तो डळमळला. म्हातारीचा पोरगा आत, आणि आपण आपल्या इभ्रतीला कवटाळून बसलोय, असं त्याला वाटलं. धुळ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत त्याने जवळजवळ ठरवून टाकलं होतं, झाड तर झाड.

सरकारी विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात लांब टेबल होतं. मध्ये समितीच्या अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश बाई. एका बाजूला मोठे पोलीस अधिकारी, दुसऱ्या बाजूला कुठले तरी प्राध्यापक. भिंतीशी खुर्च्या, आणि त्यातल्या एका खुर्चीत पंडित हवालदार. साहेबांच्या गाडीबरोबर आला असावा. त्याने वनाला पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

दिपमालाने आधी आपलं निवेदन मांडलं. पंचांसमोर मिटलेलं भांडण सुरुवातीलाच कोर्टासमोर आणायची सोय हवी. दोन्ही बाजू, पंच, सगळ्यांना बोलावून एकदा खात्री करावी आणि मिटलं असेल तर मिटलं म्हणून लिहावं. तारखेचा कागद दाराला चिकटवून न जाता माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगावा. जोरजबरदस्तीने मिटवलेलं असेल, बाईमाणसावरचा अत्याचार दडपलेला असेल, तर मात्र ही सोय नको, हेही तिने ठासून सांगितलं. प्राध्यापक लिहून घेत होते. पोलीस अधिकारी घड्याळाकडे बघत होते.

वनाचं नाव पुकारलं. तो उभा राहिला.

"बसून बोला," अध्यक्ष म्हणाल्या. "आणि आधी ऐका. तुम्ही नाव न देताही बोलू शकता. मग ते नुसतं आमच्या अहवालात येईल. नाव दिलंत तर तो कागद कोर्टात जाऊ शकतो. त्या माणसाच्या बाजूनेही आणि विरुद्धही. समजलं?" दिपमालाने अहिराणीत पुन्हा सांगितलं. दगडीबाईनेही ते ऐकलं. तिने पदर घट्ट ओढून घेतला.

"तुमच्या हाताला काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

वनाने वाकडा हात टेबलावर ठेवला. झाड म्हणायचं ठरलं होतं. पण झाड म्हटलं की ते दोन बकरे आणि ते चार महिने खोटे ठरणार होते. भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता. पंडित हवालदार पुढे सरकून बसला. दगडीबाई खाली मान घालून बसली होती, आणि तिचे ओठ हलत होते.

"माले दिलवरनी मारं," तो शेवटी म्हणाला. "कुऱ्हाडना दांडा. मंग पंच बसनात. त्यानी कबूल करं, दोन बकरा दिधात, मन्ही वावरमा चार महिना राबना. भांडण मिटी गयं. तो पळना नही. मिटनं म्हनीसन घर बसना."

"म्हणजे मारलं हे कबूल," पोलीस अधिकारी म्हणाले. ते काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या आवाजाला कोर्टाची सवय होती. "आणि बकरे घेतले हेही कबूल. पण बकरे दिले याला पुरावा काय? कागद आहे? पावती आहे? उद्या कोणीही येऊन सांगेल, आमचं मिटलं. कशावरून त्याच्या घरच्यांनी तुम्हाला आज हे बोलायला फितवलं नसेल? हे खरं कशावरून धरायचं?"

पंचांच्या बैठकीचा कागद कधी होत नाही. पुनाबाबा असता तर बोलला असता, पण तो दोन वर्षांपूर्वीच वारला. वनाला दिसलं की आपण सगळं खरं सांगितलं आणि ते खोट्यासारखं वाटलं. दिलवर तर आत राहीलच, वर आपणही जाऊ. त्याने दिपमालाकडे पाहिलं. ती कागद चाळत होती, आणि त्या कागदांत उत्तर नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मागे खुर्ची सरकली. दगडीबाई उभी राहिली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. काठी टेकत ती टेबलापाशी आली.

"बकरा मी दिधात," ती म्हणाली. "एक काया, एक पांढरा. काया घरनी शेळीपोटी झायेल व्हता, ईकाना नव्हता, तरी दिधा."

"आजी, तुम्ही कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"दिलवरसिंगनी माय."

दिपमाला उठली. तिला म्हातारीला थांबवायचं होतं. तुझ्या शब्दाने तुझाच पोरगा अडकेल हे तिला सांगायचं होतं, पण अध्यक्षांनी हाताने थांबवलं आणि स्वतःच विचारलं, "आजी, तुमच्या मुलाने यांना मारलं, असं तुम्ही म्हणताय?"

दगडीबाईने वनाकडे पाहिलं. वर्षभर ती त्याच्या दारात एक खोटं मागत बसली होती. "मारं," ती म्हणाली. "मन्हा पोऱ्यानी मारं. नही मारं व्हतं ते मी बकरा कसाले देती?"

पोलीस अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. नाव घालायचं का, असं त्यांनी दोघांना पुन्हा विचारलं. वना म्हणाला, "टाका. बापनं नावबी टाका." दगडीबाईने अंगठा पुढे केला आणि शाई सुकेपर्यंत तो तसाच हवेत धरून ठेवला.

परतीच्या एसटीत तिला रडू फुटलं. आपण पोराला फासावर दिलं असं ती म्हणत होती. दिलवर सुटेल याची वनाला स्वतःलाच खात्री नव्हती. पारोळ्याकडून येणाऱ्या ट्रकांचे दिवे डोळ्यांवर येत होते, आणि तो नुसता तिच्या पिशवीवर हात ठेवून बसला.

समितीचा अहवाल अजून मुंबईत कुठल्या तरी टेबलावर आहे. दिपमाला महिन्यातून एकदा फोन करते, पत्र धाडते, कोणाच्या तरी दाराशी ताटकळते. तिच्या वहीतले खटले एकेचाळिसाचे त्रेपन्न झाले आहेत. वनावर अजून काही किटाळ आलेलं नाही, पण येणार नाही असं कोणी सांगितलेलंही नाही. दोन अंगठ्यांचा तो कागद तिने तिसऱ्या जामीन अर्जाला जोडला. न्यायाधीशांनी तो दोनदा वाचला, असं ती सांगते. जामीन मिळाला. खटला मात्र जिथल्या तिथे उभा आहे, आणि त्यात पहिला साक्षीदार वनाच आहे.

दिलवरसिंग जळगावच्या जेलाच्या दारातून बाहेर आला तेव्हा समोर आई होती, बायको सुनिता होती, आणि दहा पावलं मागे वना. चौदा महिन्यांत माणूस अर्धा झाला होता. तो आईच्या पाया पडला, सुनिताच्या हातातली पिशवी घेतली आणि मग वनासमोर येऊन उभा राहिला. काय झालं ते त्याला आत कळलं होतं. आईने काय सांगितलं तेही.

"कोर्टमा काय सांगशी?" त्याने विचारलं.

"तू मारं ते सांगसू. मिटनं तेबी सांगसू."

"माले सजा व्हई ते?"

"व्हई तरी तेच सांगसू," वना म्हणाला.

दिलवरसिंगने त्याच्या वाकड्या हाताकडे पाहिलं. "तारीख कधीनी शे?"

"सोळा."

"मंग पहिली गाडी धरूत," दिलवरसिंग म्हणाला. "उशीर नको व्हवाले."